डाव्या अंगाचं पित्ताशय

माझ्या पोटातला सगळा संसार उलट्या बाजूला मांडलाय, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हृदय उजवीकडं, यकृत डावीकडं, आणि त्या यकृताला चिकटून असते ती पित्ताची पिशवीसुद्धा डावीकडं. देवानं मला घडवताना आरसा समोर धरला असावा आणि घाईत आरशातलाच माणूस खाली पाठवला असावा. कसबा बावड्यात माझं मोटरी वाईंडिंगचं दुकान आहे. थ्री फेजच्या मोटरीला दोन वायरी इकडच्या तिकडं जोडल्या की मोटर उलटी फिरते, पाणी चढत नाही आणि शेतकरी शिव्या देत दुकानात येतो. माझ्याही वायरी वर कुणीतरी अशाच बदलल्या. पण माझं पाणी झकास चढत होतं, त्यामुळं तक्रार कुणी केली नाही.

तक्रार सुरू झाली ती पांढऱ्या रश्श्यानं. मेहुण्याच्या घरी नातवाच्या जावळाचं जेवण होतं. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. नोकरी साखर कारखान्यात, आणि उरलेल्या वेळात गावातल्या सगळ्या भानगडींचा मुखत्यार. त्यानं बकरं कापलं होतं. मी पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवत होतो. किती, ते विचारू नका. आचारी आपला कालथा हातात घेऊन बाहेर आला आणि माझ्याकडं बघून, कानाला हात लावून आत गेला. घरी आलो आणि डाव्या बरगडीखाली असं काही धरलं, जणू कुणी आत पाना घालून नट आवळतंय.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "डावीकडं दुखतंय ना? मग गॅस."

"खडा असंल काय, डॉक्टर?"

"अहो, पित्ताशय उजवीकडं असतं. डावीकडं कुठला खडा?"

वैद्यकशास्त्रापुढं माझं काय चालणार? पुढची कित्येक वर्षं मी गॅसवर चूर्ण खाल्लं. इतकं चूर्ण, की ते पोत्यात भरलं असतं तर पंचगंगेला बांध घालता आला असता. दुखणं यायचं, जायचं. मग एकदा ताप चढला, उलट्या थांबेनात, आणि बायकोनं मला उचलून सोनोग्राफीला नेलं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्या उजव्या बरगडीखाली त्यांनी थंडगार मलम चोपडलं आणि हातातलं यंत्र फिरवायला लागल्या. फिरवतायत, थांबतायत, पडद्याकडं बघतायत. शेवटी म्हणाल्या, "काका, तुमचं यकृत कुठं गेलं?"

"सकाळपर्यंत तर हुतं."

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्र उलटं धरून पाहिलं. मला विचारलं, मी उलटा तर झोपलो नाही ना. मग सहज म्हणून डाव्या बाजूला सरकल्या आणि "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. सगळं तिथं होतं. यकृत, पिशवी, आणि पिशवीत खड्यांची ही गर्दी. एक खडा तर दाराशीच अडकून बसलेला.

ही बातमी बावड्यात माझ्याआधी पोचली. मी रिक्षातून उतरतोय तर गल्लीतले पाचपन्नास लोक माझ्या छातीला कान लावायला उभे. उजवीकडं धडधड ऐकून म्हाताऱ्या माणसांनी मला नमस्कार केला. तालमीतल्या पैलवानांनी तर मला मधोमध बसवलं आणि आळीपाळीनं ऐकलं. एकजण म्हणाला, "दाजी, तुमच्यावर डाव टाकायचा म्हटल्यास कुठल्या अंगानं टाकायचा वो?" मेहुणा मला दाजी म्हणतो, म्हणून सगळा गाव दाजी म्हणतो. मी छाती पुढं काढून बसलो होतो. उलटं असणं ही माझीच करामत असल्यासारखा.

ती छाती सर्जन डॉक्टरांच्या केबिनमध्ये खाली बसली. चाळिशीचे, शांत, अंगानं किडकिडीत. कोल्हापुरात त्यांनी पित्ताच्या पिशव्या किती काढल्या असतील त्याला हिशेब नाही. त्यांनी माझे फोटो बघितले, दिव्यापुढं धरले, आणि समजावून सांगायला लागले.

"काका, पित्ताशयाच्या तऱ्हा खूप असतात. कुणाला जन्मतः दोन असतात. एक काढलं तरी दुखतच राहतं आणि लोक म्हणतात पेशंट नाटकी आहे. कुणाचं यकृताच्या आतच बुजलेलं. कुणाचं देठाला लोंबणारं, ते स्वतःभोवतीच पीळ खातं. राधानगरीकडच्या एका बाईंना तर नव्हतंच. सोनोग्राफीत काहीतरी दिसलं म्हणून मी आत शिरलो, तासभर शोधलं, तिथं काहीच नाही."

दोन पिशव्यांच्या माणसाचा मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

"तुमचं एकच आहे, पण आरशातलं," ते पुढं म्हणाले. "आणि भीती वेगळीच आहे. दुर्बिणीनं करताना एका हातानं पिशवी ओढून धरायची आणि दुसऱ्या हातानं तिची नळी मोकळी करून कापायची. नळी मोकळी करणं नाजूक काम, ते माझा उजवा हात करतो. तुमच्यात सगळं उलटं. नाजूक काम डाव्या हाताकडं येणार. शेजारीच मुख्य पित्तनलिका असते. यकृतातलं सगळं पित्त आतड्यात नेणारी. पिशवीची नळी समजून ती कापली गेली, तर माणूस पिवळा पडतो. मग मोठी ऑपरेशनं, आणि तरी आयुष्यभराचं लचांड."

बायकोनं विचारलं, "मग ह्ये कोण करील?"

"डावखुऱ्या सर्जनला सोपं जाईल. पुण्याला चौकशी करतो. पण फार दिवस थांबता येणार नाही. परत असा झटका आला तर पिशवी फुटेल."

मी तिथल्या तिथं जाहीर केलं की मी पोट फाडून घ्यायला पंचगंगेच्या पलीकडं जाणार नाही. बायकोनं त्याहून मोठ्यानं जाहीर केलं, "संमतीवर सही माझी हाय. डावा हात दाखवल्याबिगर मी सही करणार न्हाय. ती मोठी नळी कापली तर ह्यांना पिवळं घेऊन मी कुठं फिरू?"

आमच्या घरात सही माझी नसते, हे डॉक्टरांनी तेव्हाच ओळखलं.

मेहुण्याला काम मिळालं. पुण्याची चौकशी होईस्तोवर आपण कोल्हापुरातच डावखुरा डॉक्टर काढू, म्हणून त्यानं तालमीतली पोरं कामाला लावली. पण डावखुरा माणूस ओळखायचा कसा? जेवताना सगळे उजव्यानंच जेवतात. सही करताना बघावं तर डॉक्टरांच्या अक्षरावरून हात सोडा, भाषासुद्धा कळत नाही. शेवटी मेहुण्याला बातमी लागली की रविवारी डॉक्टर लोकांची क्रिकेटची मॅच आहे. सगळी तालीम मैदानावर.

आणि आला की एक! उंचापुरा, डावखुरा, पहिल्याच षटकात चेंडू असा उडवला की तो अजून खाली आलेला नाही. मेहुण्यानं मैदानातच मुसंडी मारली. पोरांनी त्या डॉक्टराला खांद्यावर घेतला. तो बिचारा समजला, शतक झालं.

"डॉक्टर, आमच्या दाजींची पित्ताची पिशवी काढायची हाय. डावीकडं हाय. तुमचाच हात पायजे."

"काढली असती की, पावणं," तो खांद्यावरूनच म्हणाला, "पण मी जनावरांचा डॉक्टर. तुमचे दाजी म्हैस असते तर आत्ता हात घातला असता."

मेहुणा संध्याकाळी घरी येऊन मलाच म्हणतो, "दाजी, तुमचं थोडक्यात चुकलं बघा."

पुण्याहून निरोप आला, की तिथल्या डावखुऱ्या डॉक्टरांकडं नंबर लागतोय. जायचं ठरलं. मी तोंड पाडून बसलो होतो. निघायच्या आधी बायको अंबाबाईला जाऊन आली आणि प्रसादाचे पेढे घेऊन सर्जन डॉक्टरांचा निरोप घ्यायला मला घेऊन गेली. इथं जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यात एक शब्द माझ्या पदरचा नाही.

बायकोनं पेढा पुढं केला. डॉक्टर फोनवर होते, लक्ष नव्हतं. त्यांचा डावा हात पुढं आला. पेढ्याला लागणार, तेवढ्यात तो हात सापानं फणा मागं घ्यावा तसा झपकन पाठीमागं गेला, उजवा पुढं आला, आणि डॉक्टरांनी डोळे गच्च मिटले. पट्टी बसायच्या आधी शाळेत पोरं मिटतात, तसे.

माझी बायको जन्मभर अंगणवाडीत होती. तिनं पेढा हातातच धरला.

"डॉक्टर, कोण मारायचं?"

"कुणी नाही, काकी."

"मला सांगताय व्हय? अशी पोरं सांभाळून केस पांढरं झालं माझं."

डॉक्टरांनी फोन ठेवला. दाराकडं बघितलं, नर्स नाही ना. मग हळूच म्हणाले, "वडील. मास्तर होते. डाव्या हातानं घास घेतला की लेंग्याच्या नाडीनं तो हात पाठीशी बांधायचे. पाहुण्यांसमोर सुद्धा. देवाचं, देण्याघेण्याचं, लिहिण्याचं, सगळं उजव्यानं."

"आणि आता?"

"आता मी उजवाच आहे. जेवण, लिहिणं, ऑपरेशन. डावा फक्त पिशवी धरायला."

"आणि भांडाय लागल्यावर कुठला हात उठतो?"

डॉक्टरांनी आपल्या डाव्या हाताकडं बघितलं.

"डावा."

"मग पुण्याला कोण जातंय?" बायको म्हणाली आणि पिशवीतली संमतीची कागदं काढून तिथंच सही ठोकली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझं एक वाक्य खरं मानलं नव्हतं, आणि ह्या माणसाचा एक शब्द ऐकून मला त्याच्या स्वाधीन केलं.

डॉक्टर घाबरले. "काकी, सही झाली म्हणून हात तयार होत नाही. मी आधी सराव करणार. जमला तरच. नाहीतर पुणं."

"करा की. लागंल ते आणून देतो आमी."

त्यांना लागलं बोकडाचं काळीज. खाटकाकडं मिळतं तसं साफ केलेलं नाही, पित्ताची पिशवी चिकटलेली तशीच ठेवून. ते काळीज पुठ्ठ्याच्या खोक्यात उलट्या बाजूनं मांडायचं, भोकांतून दुर्बिणीची अवजारं घालायची आणि डाव्या हातानं पिशवी सोडवायची. आता तुम्हीच विचार करा. ज्या गावात पित्त फुटून मटण कडू होऊ नये म्हणून खाटीक डोळ्यात तेल घालून ती पिशवी काढून टाकतो, त्या गावात मेहुणा सकाळी सकाळी रांगेत उभा राहून म्हणतोय, "काळीज द्या, पित्तासकट."

"पित्तासकट? खुळा झालास काय? सगळं कडू हुईल की."

"हू दे. डॉक्टरला पायजे."

"डॉक्टर पित्त खातोय?"

"खाईना, न्हाय तर पिईना. तू बांध."

रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं आणि त्या आठवड्यात निम्म्या कोल्हापुरानं ताकद येते म्हणून पित्तासकट काळीज मागितलं, असं खाटीक अजून सांगतो.

पहिल्या दिवशी मी सराव बघायला गेलो आणि पस्तावलो. डॉक्टरांच्या डाव्या हाताला अवजार नीट धरताच येईना. अवजार निसटलं, पिशवी फुटली, हिरवंगार पित्त खोक्याच्या भोकातून उडालं ते थेट भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरवर. मेहुणा हळहळला, "कसलं ताजं काळीज हुतं वो." मला त्या काळजात माझंच नाव दिसत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र मी वेगळंच काही बघायला लागलो. डॉक्टर उजव्या हातानं काम करताना ओठ घट्ट मिटायचे. डाव्यानं करताना त्यांचा खांदा सैल पडायला लागला, आणि एका सकाळी तर ते शीळ घालत होते. पिशवी यकृतावरून अशी सुटून आली, की द्राक्षावरची साल. त्यांनी मान वर केली. "काका, या आता."

ऑपरेशनला मी भुलीत होतो, त्यामुळं पुढचं बायकोच्या तोंडचं आहे. तिला वाढवून सांगायची सवय नाही. घरात एकानं केलेलं पुरे.

त्या दवाखान्यात बाहेर नातेवाइकांना पडद्यावर आतलं दाखवतात. बायको आणि मेहुणा त्याच्यापुढं बसले. एरवी पेशंटच्या डावीकडं उभे राहणारे डॉक्टर त्या दिवशी उजवीकडं उभे. पडद्यावर सुजलेली, लाल झालेली पिशवी, सगळं एकमेकाला चिकटलेलं. मेहुणा आधी म्हणाला, "आक्का, दाजी आतनं बी बाहेरच्यागतच हायेत."

पिशवीच्या मानेशी दोन नळ्या दिसत होत्या. शेजारी शेजारी. एक पिशवीची आणि एक ती मुख्य. कुठली कुठली, ते सुजेमुळं कळत नव्हतं. उजव्या हातातलं अवजार सवयीनं पुढं आलं. त्याचा जबडा उघडला, एका नळीवर टेकला. आणि तिथंच थांबला. पडद्यावर काही हलेना. आतलं बोलणं बाहेर बारीक ऐकू यायचं. डॉक्टर म्हणत होते, "मला खात्री नाही. खात्री झाल्याशिवाय मी काहीही कापणार नाही. नाही झाली तर पोट उघडू."

"लाईट गेली काय?" मेहुण्यानं विचारलं.

"गप की!" बायको म्हणाली. ती म्हणते, तिनं तेवढ्यात सगळे देव संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग उजवं अवजार मागं सरकलं आणि त्यानं पिशवी नुसती ओढून धरली. डाव्या बाजूनं दुसरं पुढं आलं. कापायला नाही. एकेक पापुद्रा सोलायला. कांद्याचा पातळ पडदा नखानं काढावा तसं. पापुद्रा, थांबायचं, बघायचं, पुन्हा पापुद्रा. हळूहळू पिशवीच्या मागची मोकळी जागा दिसायला लागली, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच वस्तू उरल्या: एक नळी, एक रक्तवाहिनी. मघाशी जिच्यावर जबडा टेकला होता ती पलीकडं, मागं, सुखरूप. ती मुख्य होती.

बायकोनं मला हे सांगताना माझा दंड असा धरला होता, की वळ महिनाभर होता.

क्लिपा लागल्या, नळी कापली, पिशवी निघाली. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी टोपी काढली आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पण आठवडाभर डोळ्यांवर लक्ष ठेवा. कुठं बारीक इजा झाली असेल तर ती उशिरा दिसते. पिवळं दिसलं की त्याच मिनिटाला मला फोन."

झालं. बायकोला एवढंच पाहिजे होतं. घरी आल्यापासून रोज सकाळी मला खिडकीशी उभं करायची, पापणी खाली ओढायची, उन्हात डोळा तपासायची. भाजी घेतानासुद्धा ती वांग्याला इतकं उलटंपालटं करत नाही. "पांढरं हाय," असं ती म्हणाली की मला चहा मिळायचा.

आणि एका सकाळी मी झोपेत असतानाच तिची किंकाळी ऐकू आली.

"पिवळं! सगळं पिवळं!"

मी डोळे उघडायला गेलो तर डोळे झोंबतायत, उघडेनात. हात बघितला, पिवळा. उशी पिवळी. गळा पिवळा, छाती पिवळी, घामानं चिकचिकीत. माझ्या पोटात गोळा आला. तो डावीकडंच आला, हे तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं. बायकोनं फोन लावला. तिला बोलता येईना, नुसती "नळी, नळी" म्हणत होती.

डॉक्टर कसे आले ते विचारू नका. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, पायात दोन वेगळ्या चपला. गाडी दारात चालूच. आत येऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. तोंड पांढरंफटक. त्यांनी माझी पापणी ओढली. आत बघितलं. दुसरी ओढली. पुन्हा पहिली. मग अंगठा माझ्या गालावरून फिरवला, अंगठ्याकडं बघितलं, नाकाला लावला, आणि शेवटी जिभेला.

"काकी," ते म्हणाले, "डोळे दुधासारखे पांढरे आहेत. ही हळद आहे."

बायकोनं मेहुण्याला फोन लावला. तो कारखान्यात पहिल्या पाळीला.

"व्हय की आक्का, मीच लावला. हातकणंगल्याकडच्या जत्रेला गेलतो. दाजींची नळी वाचली तर अंगभर भंडारा लावीन, असं बोललोतो देवाला. तांबडं फुटायला आलो, दाजी झोपल्यालं, दार उघडं. म्हटलं, उठवायचं कशाला."

"मला सांगायचं न्हाईस?"

"देवाचं काम, आक्का. बोलून दाखवू ने."

बायकोनं पुढं त्याला जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही.

डॉक्टर तसेच फरशीवर बसून राहिले होते. बायकोनं पाणी दिलं, ते घोटभर प्यायले.

"काका," ते म्हणाले, "त्या दिवसापासून रोज सकाळी फोन वाजला की मला वाटतं, तुमचाच. डाव्या हातानं केलेलं माझं पहिलं काम होतं ते. वडील असते तर..." बायकोनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, अंगणवाडीतल्या पोराच्या ठेवावा तसा, आणि तिचाही हात भंडाऱ्यानं माखलेला होता, ते तिच्या लक्षातच नव्हतं.

हात न धुता ते तसेच दवाखान्यात गेले, बाहेर रांग लागली होती म्हणून. त्या दिवशी त्यांनी ज्यांची ज्यांची पोटं चाचपली, ते सगळे घरी जाऊन शर्ट काढताना किंचाळले. संध्याकाळपर्यंत कोल्हापुरात काविळीची साथ आल्याची बातमी पसरली, लिंबं संपली, उसाच्या रसाच्या गाड्यांपुढं रांगा लागल्या. ह्यातलं लिंबांचं तेवढं मी वाढवून सांगतोय. डोळ्यांचं नाही. ते तुम्ही कधीही दुकानात या आणि उन्हात नेऊन बघा. पापणी ओढायला बायको आहेच.